घोडी थांबायची ते दार

होळी जवळ आली की आमच्या कॉलनीतला झाडूवाला कडुनिंबाची पानं कोपऱ्यात गोळा करतो, काडी लावतो आणि निघून जातो. मी बादली घेऊन बाहेर पडते. दरवर्षी हे होतं. शेजारच्यांना ही माझी खोड वाटते. झाडूवाला तर तोंडावरच म्हणतो, "बाई, पाला तं हाये." मी म्हणते, "पाला आहे म्हणूनच." आणि बादली ओतते. मी शाळेत पोरींना कवायत शिकवते, त्यामुळं फार समजावत बसायची मला सवय नाही.

पण विझलेल्या ओल्या पाल्याचा तो वास नाकात गेला की दिवसभर एक ऋतू माझ्यामागं फिरत राहतो. त्याला उन्हाळा म्हणणं बरोबर होणार नाही. उन्हाळा सगळ्यांना असतो. जंगल खात्यात त्याला आगीचा हंगाम म्हणत. होळीपासून मृगापर्यंत.

माझे वडील रेंजर होते. आष्टीच्या वरच्या डोंगरात, बैलगाडीनं गेलं तर अर्धा दिवस लागेल अशा ठिकाणी, त्यांची चौकी होती. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती, यावरून काळ लक्षात यावा. मी दहा-अकरा वर्षांची होते. पुढच्या जूनपासून आष्टीला मावशीकडे राहून शाळेत जायचं ठरलं होतं, म्हणून ते सबंध वर्ष मी मोकळी होते. मोकळी म्हणजे आईच्या हाताखाली.

चौकी इंग्रजांच्या वेळची. सागाचे खांब, वर कौलं, तीन बाजूंनी ओसरी. ओसरीचं दगडी जोतं एका बाजूला मुद्दाम उंच ठेवलेलं होतं, म्हणजे ओसरीवरूनच पाय टाकून घोड्यावर बसता यावं. पायऱ्या दुसऱ्या बाजूला होत्या, त्या माणसांसाठी. ज्यानं ते घर बांधलं त्याच्या डोक्यात आधी घोडा होता आणि मग माणूस, हे उघड दिसे. स्वयंपाकघर तर तो विसरलाच होता. आई मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून रांधायची आणि त्या न पाहिलेल्या इंग्रजाला रोज एकदा तरी नावं ठेवायची.

पळस फुलला की लोक खूश होतात. आमच्याकडं पळस फुलला की आई रांजण, माठ, हंडे, होती नव्हती ती सगळी भांडी भरून ठेवायला लागायची. सागाची पानं तोवर वाळून खाली आलेली असत. ती एवढी मोठी आणि कडक की रानात ससा पळाला तरी बैल पळाल्यासारखा आवाज येई. दुपारी सगळा डोंगर तापलेल्या तव्यासारखा गप्प असे. त्या गप्पपणात वडील सारखं नाक वर करून वास घेत. त्यांची ती पहिली रेंज होती आणि त्यांनी ठरवलं होतं, या उन्हाळ्यात जंगल जळू द्यायचं नाही. जेवताना, दाढी करताना, घोडीला खरारा करताना ते एवढंच बोलत. जाळरेषा साफ आहेत का. नाकेदार फिरतो का. जाळरेषा म्हणजे जंगलात भांग पाडावा तसा रुंद पट्टा. तो हिवाळ्यातच कापून, जाळून मोकळा करून ठेवायचा, म्हणजे आग आली तर तिथं येऊन उपाशी मरते. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. आमच्या नाकेदाराचं नाव उकंडा. चांगला माणूस, पण गोष्ट सांगताना अर्धी सांगायचा आणि उरलेली अर्धी कोणी विचारली तरच काढायचा.

आता घोडीबद्दल. रेंजरनं स्वतःचं घोडं ठेवायचं असा तेव्हा नियम होता आणि जाणारा रेंजर आपलं घोडं येणाऱ्याच्या गळ्यात घालून जाई, अशी रीत होती. घोड्याबरोबर खोगीर, तोबरा आणि सवयीही येत. आमच्या वाट्याला आलेल्या घोडीचं नाव बिजली. ठेवणाऱ्यानं काय पाहून ठेवलं कोण जाणे. पावसाळ्यातल्या गाडीच्या बैलासारखी एकेक पाऊल विचार करून टाकायची. जुने साहेब भले होते. जाताना त्यांनी वडिलांना ओसरीवर बसवून तिच्या सगळ्या खोडी सांगितल्या. डाव्या कानाला हात लावू नका. हरभरा भिजवल्याशिवाय देऊ नका. नाल्यात पाणी असलं तर उतरा आणि पुढं चाला, ती मागून येते. एवढं सगळं सांगितलं आणि जी गोष्ट सांगायला हवी होती ती राहिली. त्यांनी लपवली नाही. त्यांच्या लेखी ती घोडीची खोडच नव्हती.

पहिल्यांदा वडील खालच्या गावात फेरीला निघाले तेव्हा मला त्यांनी पुढं बसवून घेतलं होतं आणि उकंडा पायी मागून येत होता. खालचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि गाव ओलांडलं की मोहाची झाडं सुरू व्हायची. गावाचं शेवटचं घर आलं आणि बिजली वळली. लगाम ओढायच्या आत ती कुंपणाच्या फटीतून अंगणात शिरली, दगडी डोणीत तोंड घातलं आणि पाणी प्यायला लागली. अंगणातल्या उंबराखाली चार-पाच माणसं बसली होती.

"पाहा," एक म्हातारा म्हणाला, "घोडीले पत्ता पाठ हाये."

"सायेब बदलले," दुसरा म्हणाला, "वाट थेच."

सगळे हसले. वडिलांचे कान लाल झालेले मला मागं न पाहताही कळले, कारण त्यांनी लगाम एवढा आवळला की माझी बोटं त्यात सापडली. घरातून एक बाई बाहेर आली. बारीक, उंच, हातात शिंदीचा फडा. अंगण झाडता झाडता आली असावी.

"उतरा ना सायेब," ती म्हणाली. "बसा घडीभर."

"नको," वडील म्हणाले आणि टाच मारली. बिजलीनं पाणी संपवलं, मान वर केली आणि तिथंच उभी राहिली. टाच, लगाम, च्यक् च्यक्, कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटी उकंडानं तिला तोंडाला धरून ओढत बाहेर काढलं. मागून म्हातारा म्हणाला, "ओढून नोका नेऊ रे, उद्या आपल्या मनानं येते थे."

घरी आल्यावर मी सगळं आईला सांगितलं. अकरा वर्षांची पोरगी दुसरं काय करणार. आईनं उकंडाला ओसरीवर बोलावलं.

"कोणाचं घर ते?"

"भागरताबाईचं, बाई."

"काय आहे तिथं?"

उकंडानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "तिचा नवरा मोहाची गाळे. त्या अंगणातच भट्टी होती. तालुक्याहून गिऱ्हाईक ये."

"बरं," आई म्हणाली. "जा."

उरलेली अर्धी तिनं विचारली नाही. नवरा मरून बरीच वर्षं झाली होती, भट्टी त्याच्याबरोबरच गेली होती, आणि गावाला मात्र भागरताचं दार म्हटलं की अजून हसू येई, कारण गाव एकदा ठेवलेलं नाव सहज सोडत नाही. हे त्या पुढच्या अर्ध्यात होतं.

माझे वडील खादी वापरत. चहाही घेत नसत. जंगल खात्यातल्या माणसाकडं लोक कोंबडी आणत, तूप आणत, डिंक आणत, मध आणत. वडील सगळं परत पाठवत आणि आई परत पाठवताना भांडं घासून देई, म्हणजे समोरच्याला राग येऊ नये. त्या नोकरीत नाव हेच हत्यार होतं. एवढ्या मोठ्या जंगलात एक रेंजर, एक घोडी आणि थोडे नाकेदार. लोकांनी ऐकायचं ते नावामुळं. हे आईला वडिलांपेक्षा जास्त कळत होतं, आणि म्हणूनच पुढचं झालं.

"त्या वाटेनंच जायला पाहिजे का?" तिनं रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"मोह सगळे तिकडं आहेत."

"नाल्याच्या अंगानं जाता येतं म्हणे."

"लांब पडतं. अन् नाल्यावरून झाडं दिसतात, पण दुरून."

"दिसतात ना? मग झालं. लोकांची जीभ लांब होण्यापेक्षा वाट लांब झालेली बरी."

पुढच्या फेरीपासून वडील नाल्याच्या वाटेनं जाऊ लागले. दोन्ही वाटा जिथं फुटत तिथं बिजली दर वेळी थांबे आणि गावाच्या बाजूला मान वळवून उभी राही. वडील तिला नाल्याकडं वळवत. ती जाई, पण सासरी निघाल्यासारखी.

मला आता वाटतं, माणसाचं अर्धं आयुष्य लोक काय म्हणतील म्हणून लांबच्या वाटेनं जाण्यात जातं आणि त्या लांबच्या वाटेवरून सगळं दिसतं, फक्त दुरून. झाड दिसतं. झाडाखालची जमीन दिसत नाही.

आणि त्या हंगामात सगळं काही झाडाखालच्या जमिनीवरच अवलंबून होतं. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. मातकट पिवळी, रसानं भरलेली, बोटानं दाबली तर चिकटतात. वास गोड, पण जरा वेळानं डोकं धरणारा. खाली वाळक्या पानांचा गालिचा असला की त्यात ती सापडत नाहीत. मग दोन उपाय. एक, झाडाखालची जमीन फड्यानं झाडून अंगणासारखी करायची. याला मेहनत लागते. दुसरा, काडी लावायची. पानं जळून जातात, जमीन मोकळी होते, फुलं वेचायला सोपी. एका झाडाखालची काडी वाऱ्यानं दुसऱ्या झाडाखाली जाते, तिथून डोंगरावर. कोणी जंगल जाळायला काडी लावत नाही. फुलं वेचायला लावतो. बहुतेक वणवे असेच, घरच्या कामासाठी लावलेले असतात.

मोह गळायला लागला त्या दिवसांत भागरताबाई एकदा चौकीवर आली. डोक्यावर नव्या फड्यांचा भारा होता. वडील फेरीवर होते. आई ओसरीच्या कडेला उभी राहिली. वर ये म्हणाली नाही.

"साहेब नाहीत," ती म्हणाली.

"मंग सांगजा त्याइले, भागरता आलती. आमच्या अंगचं झाडून झालं म्हना. वरच्या मोहाखाली अजून कोनी हात नाई लावला. एकदा येऊन पाहून जा म्हना."

"सांगते."

भागरताबाईनं भारा सावरला. माझ्याकडं पाहून म्हणाली, "पोरगी मोठी झाली वो तुमची. बसते का अजून घोडीवर?"

"बसते," मी म्हणाले. आईनं मला आत पाठवलं.

रात्री आईनं वडिलांना सांगितलं. शब्द खाल्ला असं नाही. ती म्हणाली, "ती बाई आली होती."

"कशाला?"

"तुम्हाला बोलवायला."

वडिलांनी ताटातलं मीठ बोटानं सारखं केलं आणि विषय संपला. खोटं काहीच नव्हतं. मी पुढं पुष्कळ स्टाफ मीटिंगा पाहिल्या, एकही खोटा शब्द न बोलता काम कसं बिघडवावं हे तिथंही पाहिलं, पण इतक्या थोडक्या शब्दांत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी शाळेच्या पोरींना घेऊन त्या चौकीवर गेले होते. खात्यानं ती दुरुस्त केली आहे. कौलं नवी, खांबांना पॉलिश, बाहेर फलक. तिथला तरुण अधिकारी हुशार वाटला. ओसरीच्या उंच जोत्यावर त्यांनी फुलझाडांच्या कुंड्या रांगेनं मांडल्या होत्या. मी त्यातली एक उचलून बाजूला ठेवली आणि पोरींना सांगितलं, इथून घोड्यावर बसायचं असतं. अधिकाऱ्यानं वही वगैरे काढली नाही, नुसतं ऐकलं, हे मला आवडलं. मग त्यानं विचारलं, "मॅडम, घोड्यावरून एवढं काय दिसायचं? आम्ही जीपनं एका दिवसात सगळी रेंज फिरतो."

मी म्हणाले, "दिसायचं कमी. पण घोड्यावरचा माणूस लांबून येताना दिसतो. तो येईपर्यंत लोकांना काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळतो. अन् घोडं मध्येच थांबतं."

"जीपपण थांबते," तो हसून म्हणाला.

"जीप तुम्ही थांबवली तर थांबते," मी म्हणाले.

आग लागली तो दिवस रविवारचा असावा, कारण वरचे साहेब रविवारीच आष्टीला मुक्कामाला येत आणि त्या दिवशी त्यांची मोटार वडिलांना घेऊन गेली होती. घोडी घरी होती. दुपार कलायला लागली होती. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं नाक वर केलं, वडील करत तसं.

"सुमे, चुलीत काही जळतंय का बघ."

चुलीत काही नव्हतं. मी बाहेर येऊन पाहिलं तर वरच्या मोहांच्या बाजूला धूर उभा होता. काळा नाही, पांढुरका, पाल्याचा. वारा चौकीकडं होता. थोड्याच वेळात उकंडा धावत आला, पागोटं हातात.

"बाई, वरच्या मोहाखालून उठली. दोन मानसं लावली म्या जाळरेषेवर. पन तिघाच्यानं नाई होत. गाव बोलवा लागते."

"तू जा गावात."

"मी गेलो तं रेषेवर कोन?"

बरोबर होतं. गाव पायी लांब. चौकीच्या मागं बांबूचे ढीग रचलेले, त्यामागं जनावरांसाठी साठवलेलं गवत, त्यामागं सगळा डोंगर. वडील संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं, त्यावर ताट उपडं घातलं, आणि पदर खोचला. ती नऊवारी नेसायची. घोड्यावर बसायला याहून सोयीचं नेसणं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"खोगीर आण," ती म्हणाली.

ती आयुष्यात कधी घोड्यावर बसली नव्हती. पण खोगिराला तेल लावणं, पट्टे शिवणं हे तीच करायची, त्यामुळं कुठला पट्टा कुठं आवळायचा हे तिला वडिलांइतकंच ठाऊक होतं. बिजलीला मी जोत्याला लावून धरलं. आईनं जोत्यावरून पाय टाकला आणि खाटेवर बसावं तशी बसली. मग मला म्हणाली, "चढ पुढं. तुला इथं एकटी सोडून जाऊ का?"

वाटा फुटतात तिथं बिजली सवयीनं थांबली, मान गावाकडं वळवून. आईनं काहीच केलं नाही. तिला काही करताच येत नव्हतं, दोन्ही हातांनी तिनं आयाळ धरली होती. ओढणारं कोणी नाही हे लक्षात आल्यावर बिजलीनं कान हलवले आणि गावाच्या वाटेला लागली. दुडक्या चालीनं. त्या घोडीला दुडकी चाल येते हे आम्हाला माहीत नव्हतं. आई प्रत्येक पावलाला "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत होती.

शेवटचं घर, कुंपणाची फट, डोण. बिजली थांबली आणि प्यायला लागली.

अंगण माणसांनी भरलं होतं. सगळ्या गावाचा मोह त्याच अंगणात वाळत पडलेला, कारण तेवढं सपाट, सारवलेलं, दिवसभर उन्हाचं अंगण गावात दुसरं नव्हतं. बायका फुलं उलटवत होत्या. म्हातारे उंबराखाली. भट्टी नाही, बाटली नाही. आई हे सगळं वरून पाहत होती. घोड्यावरून चांगलं दिसतं.

म्हातारा म्हणाला, "घ्या. आता बाईसायेब बी आल्या."

हशा पिकला. आईनं तो थांबायची वाट पाहिली नाही.

"मला आधी उतरवा कोणीतरी," ती म्हणाली. "हसायचं ते मागून हसा. जंगल पेटलंय."

कोणी पुरुष हात लावायला धजेना. भागरताबाई पुढं आली, आईच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि पोतं उतरवावं तसं तिला खाली घेतलं.

"कोनच्या अंगानं?"

"वरच्या मोहाकडून. चौकीकडं येतंय."

भागरताबाई 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. मी असते तर म्हणाले असते. तिनं भिंतीला टेकवलेला रॉकेलचा रिकामा डबा घेतला आणि काठीनं बडवायला लागली. "उठा ना बे, बसून काय राह्यले. फडे घ्या. कुऱ्हाडी घ्या. बुढ्या, तू बी."

"मी काऊन?" म्हातारा म्हणाला. "मी म्हातारा मानूस."

"हसाले तं जवान हायेस."

तो उठला.

आग विझवणं हे पाहायला काही भव्य नसतं. लोकांना वाटतं पाणी वगैरे मारतात. पाणी प्यायला नव्हतं तिथं मारायला कुठून आणणार. बायका रांगेनं उभ्या राहिल्या आणि अंगण झाडावं तसं जंगल झाडायला लागल्या. आगीच्या बऱ्याच पुढं, जमीन उघडी पडेपर्यंत. त्यांच्या मागून पुरुषांनी त्या झाडलेल्या पट्ट्याच्या आगीकडच्या कडेला काड्या लावल्या, म्हणजे आगीला सामोरी आग गेली. दोन्ही मध्यावर भेटल्या आणि खायला काही उरलं नाही. जिथून पट्ट्यावर ठिणगी उडे तिथं ओल्या डहाळ्यांनी झोडपायचं. धूर, शिव्या, खोकला. आईही झाडत होती. घरी ती झाडायची तशीच, डाव्या हातानं पदर धरून.

खालच्या अंगाला, भागरताबाईच्या बायकांनी झाडलेल्या मोहांपर्यंत आग आली आणि तिथल्या तिथं बसली. प्रत्येक झाडाखाली स्वच्छ गोल अंगण, त्याच्या कडेला काळी रेघ. वरचं अंग मात्र खडकापर्यंत गेलं. चौकी वाचली, बांबू वाचला, गवत वाचलं. काडी कोणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांनी पुढंही शोध घेतला नाही. वरच्या मोहांकडं त्या हंगामात खात्याचं माणूस फिरकलंच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या जमिनीकडं कोणी पाहत नाही ती झाडायची कशाला, हा प्रश्न चुकीचा नव्हता.

वडील मोटारीनं गावात आले तेव्हा दिवस मावळत होता. त्यांनी आधी बिजली पाहिली, डोणीशी बांधलेली. मग आई पाहिली. ती भागरताबाईच्या बाजेवर बसून तिच्याच तांब्यानं पाणी पीत होती, तोंड काळं, कासोटा सुटायला आलेला. वरचे साहेब मोटारीतून उतरले नाहीत. त्यांनी जळलेला डोंगर पाहिला, वडिलांकडं पाहिलं, आणि "उद्या बोलू" म्हणून निघून गेले.

वडील बाजेच्या कडेला उभे राहिले.

"बसा," भागरताबाई म्हणाली. "जुने सायेब एथीच बसत."

वडील बसले. तिनं त्यांनाही पाणी दिलं. ते प्यायले.

"काय करायचे ते इथं?" वडिलांनी विचारलं.

"काई नाई. बसत. सारं गाव असते एथी. कोनी कोनचं झाड झाडलं थे बाया सांगत, मंग उठून पाहाले जात. नाई झाडलं त्याले म्हनत, पुढच्या बारीले येतो."

"एवढंच?"

"अजून काय पाह्यजे होतं?"

म्हातारा उंबराला टेकून पडला होता, भुवया जळालेल्या. तो म्हणाला, "दारू पुसत असान सायेब, तं आमी बी लय सोधली. नाई सापडत."

त्या वेळी वडील हसले. मी त्यांना पहिल्यांदाच त्या गावात हसताना पाहिलं.

आईनं माफी मागितली नाही. तिला ती सवय नव्हती आणि मलाही नाही. घरी परतताना ती पायी चालत होती, आता बसत नाही म्हणाली. निम्म्या वाटेवर वडिलांना म्हणाली, "पुढच्या खेपेला गावातल्या वाटेनं जा."

"अन् लोकांची जीभ?"

"आज मी दोन्ही पाहिलं," ती म्हणाली. "जीभ परवडली."

ज्या नावासाठी ते लांबच्या वाटेनं गेले, त्या नावाला त्या वर्षी डाग लागलाच, पण तो भागरताबाईच्या दाराचा नव्हता. पहिल्याच उन्हाळ्यात अर्धा डोंगर जळालेला रेंजर, असं खात्यात पुष्कळ वर्षं म्हणत. वडील ते नाकारत नसत. पुढच्या हंगामापासून मात्र आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते त्या बाजेवर बसलेले असत. पानं पडली, मोह गळला, पाऊस आला. आम्ही तिथं होतो तोवर वरच्या मोहाखाली पुन्हा काडी लागली नाही. गावात हसणं चालूच राहिलं. आमच्या घरी त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं, एवढाच फरक.

जंगलातून मी काय शिकले असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. पाल्याला काडी लावू देत नाही, एवढं खरं. आणि शाळेत कुठल्या पोरीबद्दल, कुठल्या बाईबद्दल कोणी अर्धी गोष्ट घेऊन आलं, की उरलेली अर्धी आधी विचारते. ती बहुधा सांगणाऱ्याला माहीत असते. फक्त कोणी विचारलेली नसते.

माझी शाळा मध्यावर असताना वडिलांची बदली झाली. जीप अजून यायची होती. नवे रेंजर आणि त्यांची बायको चौकीवर आले, आणि रीतीप्रमाणे बिजली त्यांच्या गळ्यात पडली. ती आता म्हातारी झाली होती. नवी बाई माझ्या आईपेक्षा बरीच लहान, नीटनेटकी, नागपूरची. या खेपेला घोडीच्या खोडी वडिलांनी नाही, आईनं सांगितल्या. डाव्या कानाला हात लावू नका. हरभरा भिजवून. नाल्याशी उतरा.

"आणि गावात ती एका दारात थांबते," आई म्हणाली. "थांबू द्या."

"कोणाच्या?"

"भागरताबाईंच्या."

नव्या बाईनं उकंडाकडं पाहिलं. उकंडा आभाळाकडं पाहत होता. मग तिनं माझ्या वडिलांकडं जरा निरखून पाहिलं, आणि आईला हळूच विचारलं, "तिथं काय आहे?"

आई ट्रंकेला दोरी बांधत होती. तिनं गाठ आवळली, तिच्यावर पाय देऊन पुन्हा आवळली.

"पहिल्या दिवशी तुम्हीच जा घोडीवर बसून," ती म्हणाली. "उतरवून घ्यायला ती असते."